कोणी पाऊल न टाकलेलं बेट

लग्न होऊन मी या घरात आले त्याच हंगामात शेजारच्या दिमाहनं माझ्या नवऱ्याला दंड केला. दंड म्हणजे एक कोंबडी आणि एक मातीची बरणी. शाळेतून परतताना त्याला बेटाच्या कडेला पिकलेला दुरियन पडलेला दिसला. फळ तांबड्या झुडपांच्या रांगेपलीकडे हातभर आत होतं. त्यानं पाऊल आत टाकलं नाही, काठीनं ते ओढून घेतलं आणि आम्ही दोघांनी खाल्लं.

"माझा पाय आत नव्हता," तो ओसरीवर सगळ्यांसमोर सांगत होता.

"काठी कुणाच्या हातात होती, मास्तर?" दिमाहनं विचारलं.

सगळी ओसरी हसली. तीही हसली, पण कोंबडी घेतलीच. फळ पोटात गेलं होतं आणि ते परत ठेवता येणार नव्हतं, म्हणून बरणी वेगळी.

आमचं घर सरावाकमध्ये, राजांग या मोठ्या नदीला मिळणाऱ्या एका लहान नदीच्या काठी आहे. आम्ही इबान जमातीचे. एका छपराखाली वीसेक बिऱ्हाडं, समोर सगळ्यांची मिळून एक लांब ओसरी आणि चढायला एकच शिडी. माझं माहेर सिबू शहरातलं. तिथल्या नन्सनी मला इंग्रजी, शिवण आणि रोजची डायरी लिहिणं शिकवलं. बाकीचं सगळं इथे आल्यावर दिमाहनं शिकवलं. तिचं बिऱ्हाड आमच्या बिऱ्हाडाला लागून, मधे नुसती फळ्यांची भिंत. मुलगा झाल्यावर रीतीप्रमाणे सगळे तिला मुनानची आई म्हणू लागले. मी मात्र दिमाहच म्हणत राहिले, आणि ती मला मास्तरीण म्हणायची.

शेतांच्या आणि पडीक जमिनीच्या मधे न तोडलेलं रान राखतात, त्याला आमच्यात बेट म्हणतात. बाकीच्या घरांच्या बेटांतून वेत येतो, मध येतो, खांबांना लाकूड येतं. आमच्या बेटातून काही येत नाही. दिमाहच्या आजीच्या लहानपणी देवीची साथ आली होती. आमचं घर तेव्हा तिथे होतं. निम्मी माणसं गेली. मेलेल्यांना पुरणारेही गेले. उरले त्यांनी घर मोडलं, नदीच्या या अंगाला आणलं, आणि मागे राहिलेल्या जागेवर रान वाढू दिलं. आत पाऊल टाकायचं नाही असं ठरलं. आपल्या बिऱ्हाडातून वाचलेली दिमाहची आजी एकटीच होती, म्हणून राखण तिच्याकडे आली. तिच्याकडून लेकीकडे, लेकीकडून दिमाहकडे.

नियम साधा होता. चुकून कोणी आत गेला तर डुकराच्या रक्तानं त्याचे पाय धुवायचे, मग तो शिडी चढू शकतो. जाणूनबुजून गेला तर त्याला शिडी कायमची बंद, कारण त्याच्याबरोबर कोण वर चढेल ते सांगता येत नाही.

दिमाह हे काम गंभीरपणे करायची, पण तोंड गंभीर ठेवून नव्हे. सध्याचा आमच्या घराचा प्रमुख सिबात. तो तरुणपणी धनेशाच्या मागे कडेच्या झुडपांतून आत शिरला, तेव्हा तिनं त्याच्याकडून डुक्कर घेतलं, त्याचे पाय स्वतः धुतले आणि वर म्हणाली, "बायको मिळेना म्हणून पक्ष्यांच्या मागे लागलास काय?" सिबातला हे कधी विसरता आलं नाही. ओसरीनं विसरू दिलंच नाही म्हणा. दिमाहचा नवरा लाकूडतोडीच्या छावणीत ओंडक्याखाली सापडून गेला. मिरीची बाग आणि रबर यांवर तिनं मुनानला वाढवलं, माझ्या नवऱ्यानं त्याला शिकवलं, आणि तो कुचिंगला जाऊन कायदा शिकवणारा मास्तर झाला. कोणी कौतुक केलं की ती म्हणायची, दंडाच्या कोंबड्या खाऊन वाढलाय, कायदा त्याच्या अंगातच आहे.

रानाच्या हक्काच्या एका खटल्याचा निकाल लागला त्या आठवड्यात मुनान मुद्दाम घरी आला. आमचा खटला नव्हता तो. दुसऱ्या एका नदीवरच्या, आमच्यापैकी कोणीही न पाहिलेल्या घराचा होता, आणि देशाच्या सगळ्यांत वरच्या कोर्टानं तो ऐकला होता. मुनाननं ओसरीवर बसून समजावून सांगितलं. ज्या जमिनीवरचं रान तोडून तुमच्या वाडवडिलांनी भात पेरलं, ती तुमची. जे रान तोडलं नाही, नुसतं आपलं म्हणून राखलं, ते तुमचं असं कायद्याच्या पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही, आणि जे पुस्तकात नाही ते कोर्ट देऊ शकत नाही.

दिमाह सुपारी कातरत होती. ती थांबली.

"म्हणजे तोडलं तर माझं, राखलं तर नाही?"

"थोडक्यात तसंच, आई."

"मग त्या जज्जाच्या आईनं त्याला दुसऱ्याच्या परसात कधी पाठवलं नसणार. नाहीतर शिकवलं असतं तिनं, की न तोडलेलंही कुणाचं तरी असतं."

कोणी तरी हसलं, पण ते हसू पुढच्या बिऱ्हाडापर्यंत पोचलं नाही. सिबातनं विचारलं, तो खटला त्यांचा, मग आपल्याला काय? मुनान म्हणाला, वरच्या कोर्टाचा शब्द सगळ्या नद्यांना लागू होतो. मुनान दुसऱ्या दिवशी गेला. त्या पावसाळ्यात बेट ज्या डोंगरावर आहे त्याच्या मागच्या बाजूच्या झाडांना मोजणीच्या लाल फिती बांधलेल्या दिसू लागल्या. एका पामतेलाच्या कंपनीला सरकारकडून तो डोंगर भाडेपट्ट्यानं मिळाला होता. फिती कोणी बांधल्या, केव्हा बांधल्या, कोणी पाहिलं नाही. दर काही दिवसांनी त्या आणखी खाली आलेल्या असत.

घरानं खटला भरला. सिबूच्या वोंगबाईंनी वकीलपत्र घेतलं. इकडे मुनाननं कायद्याच्या एका मासिकात लेख लिहिला. वरच्या कोर्टाचा निकाल आमच्यासारख्या बेटांना लागू होता कामा नये असं त्याचं म्हणणं होतं. त्यानं आधी सगळी रीत लिहिली होती. तीन पिढ्यांत आत कोणी गेलेलं नाही, तिथलं काही आणत नाहीत, एक बाई राखण करते आणि शिरणाऱ्याला दंड करते. मग त्यानं लिहिलं होतं की न जाणं हीच या जमिनीची वहिवाट आहे, आणि जो इतरांना शिरू देत नाही तोच मालक. लेखाचं बरंच कौतुक झालं. त्यानं तो आपल्या भाषेत आईला वाचून दाखवला. मी शेजारी होते.

"सगळं बरोबर लिहिलंयस," दिमाह म्हणाली. "सिबातचं डुक्कर घालायचं होतंस."

सिबूच्या कोर्टात साक्षी सुरू झाल्या तेव्हा मी तिच्याबरोबर गेले. आदल्या दिवशी वोंगबाईंनी सगळ्यांना सांगितलं होतं, खोटं बोलू नका, पण बेटाचा उपयोग काय होतो ते नीट आठवून सांगा. सिबातनं आठवून सांगितलं. कडेकडेनं औषधी मुळ्या आणतो, वेत आणतो. दिमाहनं त्याच्याकडे असं पाहिलं की मला वाटलं तिथेच उभी राहून दंड मागते.

कंपनीचा वकील फार सभ्य माणूस होता. दुभाष्यामार्फत त्यानं तिला आजी म्हटलं, पाणी हवं का विचारलं.

"या रानातून तुम्ही काय आणता, आजी?"

"काही नाही."

"वेत, मुळ्या?"

"कोणी आणल्या असत्या तर मी दंड घेतला असता. तो मघाशी बोलला, त्याच्याकडे आता बघते मी."

कोर्टात हलकीशी हसण्याची लकेर उमटली. जज्जसाहेबही किंचित हसले.

"म्हणजे आत कोणीच जात नाही?"

दिमाह खुर्चीत ताठ झाली. आयुष्यभर जे काम केलं त्याचा हिशेब इतक्या मोठ्या माणसांसमोर तिला पहिल्यांदाच कोणी विचारत होतं.

"माझ्या हयातीत एक पाऊल आत टिकू दिलेलं नाही मी. माझ्या आईनं नाही, आजीनं नाही. कोणालाही विचारा."

"विचारायची गरज नाही, आजी. धन्यवाद."

मग त्यानं मुनानचा लेख काढला. याच घरातले, कायद्याचे जाणकार, असं म्हणून त्यानं तो वाचायला घेतला, आणि दुभाषी ते आपल्या भाषेत सांगू लागला. तीन पिढ्यांत कोणी गेलेलं नाही. तिथलं काही आणत नाहीत. शिरणाऱ्याला दंड होतो. प्रत्येक वाक्याला दिमाह मान डोलवत होती, कारण प्रत्येक वाक्य खरं होतं आणि तिच्या मुलाचं होतं. वकिलानं लेख तिथेच मिटला, मालकीचं वाक्य यायच्या आत. मुनान मागच्या बाकावर बसला होता. त्याच्या चेहऱ्याकडे मला बघवलं नाही.

बाहेर उपाहारगृहात कोणी नूडल्सना हात लावला नाही.

"त्यानं खोटं वाचलं का?" दिमाहनं मुलाला विचारलं.

"नाही."

"मग तुझं तोंड असं का झालंय?"

मुनाननं सांगितलं. वरचं कोर्ट म्हणालं होतं, वापर दाखवा. आज आईनं स्वतःच्या तोंडानं वापर नाही म्हणून सांगितलं, आणि मुलानं ते आधीच छापून ठेवलं होतं. वोंगबाईंनी नंतर तिचं सांत्वन करायचा प्रयत्न केला नाही, हे मला आवडलं. त्या म्हणाल्या, एक वाट उरली आहे. राहिल्याच्या, पुरल्याच्या खुणा असतील तर त्या वापरातच धरतात. जुन्या घराचे खांब, मेलेल्यांबरोबर ठेवलेल्या बरण्या. जज्जसाहेब जागा पाहायला येणार आहेत. त्यांना त्या दाखवता आल्या पाहिजेत. कुठे आहेत त्या?

कोणालाच माहीत नव्हतं. माहीत नसणं हेच तर आमचं इतक्या वर्षांचं काम होतं.

घरी ओसरीवर बैठक बसली. आधी कोणी तरी आत जाऊन शोधायला हवं होतं, आणि जाणूनबुजून जाणाऱ्याला शिडी बंद. तरुण पोरं खाली बघत बसली. सिबात म्हणाला, नियम आपणच केलाय, आपणच या एका वेळेपुरता उठवू. दिमाह म्हणाली, नियम ज्यांच्यासाठी केला ते बेटात आहेत, त्यांना विचारून ये.

मग मुनान म्हणाला, "मी जातो. चूक माझी आहे, आणि मी तसाही कुचिंगला राहतो."

"तू तर आधीच आत गेलास, बाळा," दिमाह म्हणाली. "कागदावरून गेलास आणि सगळ्यांना बरोबर घेऊन गेलास."

तिनं हे रागानं म्हटलं नाही. मूल तापानं फणफणलं असताना बोलतात तसं हळू म्हटलं. मुनान उठून शिडीवरून खाली गेला आणि नदीपाशी उभा राहिला.

"राखण माझी आहे. कुठे काय आहे ते बघायचंच असेल तर मीच बघेन," ती सिबातला म्हणाली. "फक्त माझ्या चुलीतली राख कोणी काढू नका. राख आहे तोवर बिऱ्हाड आहे."

ती निघाली त्या सकाळी झुडपांच्या रांगेपर्यंत मी तिच्याबरोबर होते. मोठ्या कामाला निघताना आम्ही पक्ष्यांचा आवाज ऐकतो. एका बाजूनं आला तर जायचं, दुसऱ्या बाजूनं आला तर परत फिरायचं. दोन्ही बाजूंनी आला तर ती जागाच सोडायची. आम्ही बराच वेळ उभ्या राहिलो. एकही पक्षी बोलला नाही. वारा नव्हता, पानसुद्धा हलत नव्हतं.

"गप्प का आहेत गं?" मी विचारलं.

"निकाल लागलाय ना वरच्या कोर्टाचा. त्यांनाही लागू झाला असेल."

तिनं कोयता घेतला, तंबाखूची डबी कमरेला खोचली आणि तांबडी पानं दोन्ही हातांनी बाजूला करून आत गेली. मला थोडा वेळ कोयत्याचे आवाज ऐकू येत होते, मग तेही नाही.

ऊन उतरल्यावर ती बाहेर आली. अंगावर एक ओरखडाही नव्हता. मी पाण्याचा भोपळा पुढे केला, तिनं घेतला नाही.

"सापडल्या?"

"खूप आहेत," ती म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "लहान लहान आहेत बऱ्याच."

घराच्या शिडीपाशी सगळे उभे होते. ती वर न बघता शिडीवरून पुढे निघून गेली, मिरीच्या बागेतल्या झोपडीकडे. तिची चटई आणि भांडी मी दुसऱ्या दिवशी खाली नेऊन दिली.

जज्जसाहेब आले. चांगला माणूस होता. तिनं पाडलेल्या वाटेनं ते आत गेले आणि बरण्यांपाशी टोपी काढून उभे राहिले, असं वोंगबाईंकडून ऐकून मुनाननं मला सांगितलं. निकाल पुढच्या वर्षी लागला. बेट सगळंच्या सगळं आमचं ठरलं. घरात डुक्कर कापलं, तांदळाची दारू ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली, सिबातनं भाषण केलं. दिमाहचा वाटा मी पानात बांधून झोपडीत नेला. तिनं नीट चाखून खाल्ला आणि मीठ कमी आहे म्हणाली.

काही महिन्यांनी मुनान एक मासिक घेऊन आला. कुचिंगच्या एका नावाजलेल्या वकिलानं आमच्या निकालावर लिहिलं होतं. मुनानला ते आईला वाचून दाखवायचं नव्हतं. तिनं मला वाचायला लावलं. इंग्रजी अवघड होतं पण अर्थ सरळ होता. राखणदार बाईनं प्रत्यक्ष आत प्रवेश केला, वाट पाडली आणि खुणा उघड केल्या, म्हणून हक्क टिकला. असे दावे करणाऱ्या इतर घरांनीही कोर्टात येण्याआधी हेच करावं, असा त्याचा सल्ला होता. लेखक आमच्या बाजूचा होता. मनापासून आनंदानं लिहिलं होतं त्यानं.

"म्हणजे मी गेले म्हणून मिळालं," दिमाह म्हणाली.

"हो, आई."

"आणि आता सगळ्या नद्यांवरच्या बायका जातील."

मुनाननं मासिक माझ्या हातातून घेऊन मिटलं. तो आता लेख लिहीत नाही.

लोक यायला लागले ते त्यानंतर. पलीकडच्या खोऱ्यातल्या एका घराचा प्रमुख होडीनं आला. त्यांचंही असंच एक बेट होतं आणि त्याच्या मागेही लाल फिती आल्या होत्या. त्यानं झोपडीत बसून दिमाहला विचारलं, जाताना बरोबर काय नेलं होतंस, आधी काही म्हणालीस का, आल्यावर काही झालं का. तिनं त्याला सुपारी दिली आणि सांगितलं, जाऊ नका. तो म्हणाला, आमचे वकील जा म्हणतात. जाताना त्यानं तिच्या पायांकडे पाहिलं.

कंपनीनं वर अपील केलं होतं. वोंगबाईंच्या कचेरीतून निरोप आला की निकाल पक्का होईपर्यंत वाट बुजू देऊ नका, वापर चालू आहे असं दिसलं पाहिजे. सिबातनं पोरांच्या पाळ्या लावल्या. ती पोरं मोबाइलवर फोटो काढत बेटातून हिंडतात आणि संध्याकाळी शिडी चढून घरी येतात. मी सिबातला एकदा नियमाची आठवण केली. तो म्हणाला, "मास्तरीणबाई, आमचे पाय कोर्टानंच धुतले की." ओसरी त्यावर हसली. त्याच महिन्यात घरातल्या तीन-चार मुलांच्या अंगावर पुटकुळ्या उठल्या. दवाखान्यातली नर्स होडीनं येऊन बघून गेली. साध्या कांजिण्या आहेत, दरवर्षी येतात, म्हणाली. त्या साध्या कांजिण्याच होत्या, मुलं बरी झाली. पण आजाराच्या त्या आठवड्यात ओसरीवर कोणी मोठ्यानं बोललं नाही, आणि म्हाताऱ्या बायका शिडीच्या पायऱ्या रोज पुसत होत्या.

मी दिमाहकडे रोज सकाळी जाते. आता तिला नीट दिसत नाही, ऐकू मात्र सगळं येतं. परवा आम्ही झोपडीच्या दारात बसलो होतो. मी मिरी निवडत होते, ती नुसती बसली होती. अचानक तिनं हात वर केला.

"कुठल्या बाजूनं गं?"

मलाही ऐकू आलं. लांबून, पलीकडच्या खोऱ्यातून, लाकूड कापण्याच्या यंत्राचा आवाज. त्या प्रमुखाच्या घराचं बेट तिकडेच. आपलं आहे हे दाखवायला ते कापायला लागले होते.

"डावीकडून," मी म्हणाले.

ती ऐकत राहिली. आवाज मधे थांबे, मग झाड पडल्याचा धक्का जमिनीतून येई आणि पुन्हा आवाज सुरू होई. मिरीचे दाणे माझ्या सुपात किंचित हलत होते. मग उजवीकडून, अगदी जवळून, दुसरं यंत्र खाकरलं आणि सुरू झालं. मी सूप खाली ठेवलं. उजवीकडे आमचंच बेट आहे.

"हे सिबातचं," दिमाह म्हणाली. "सुरू होताना नेहमी दोनदा खोकतं. वापर दाखवायला मोकळी जागा करतोय."

तिनं कमरेची डबी काढली, उघडली, पुन्हा मिटली. दोन्ही बाजूंचे आवाज आता एकात एक मिसळले होते. दोन्ही बाजूंनी आवाज आला की ती जागाच सोडायची, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

"मास्तरीण, ऊठ," ती म्हणाली. "डुक्कर माग त्याच्याकडे. लहान दिलं तर घेऊ नकोस."

"मी मागू?"

"मग कोण मागणार? मला शिडी चढता येत नाही."